तीन बेटांचं राज्य, दोन बेटांचं स्वातंत्र्य : सेंट किट्स-नेव्हिस-अँग्विला प्रकरण

११ जुलै १९६७ रोजी कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला नावाच्या बेटावर मतदान झालं. प्रश्न सरळ होता : सेंट किट्स-नेव्हिस-अँग्विला या राज्यातून फुटायचं की नाही? फुटण्याच्या बाजूने १,८१३ मतं पडली, विरुद्ध ५. ज्या राज्यातून फुटायचं होतं ते जन्माला येऊन पुरते पाच महिनेही झाले नव्हते. आणि फुटून जायचं कुठे? तर जमल्यास थेट ब्रिटनच्या छत्राखाली. आफ्रिका-आशियातल्या वसाहती एकामागून एक मोकळ्या होत होत्या, त्याच काळात सहा हजार वस्तीचं हे बेट जुन्या मालकाला म्हणत होतं : तुम्ही जाऊ नका, आणि जाणारच असाल तर आम्हाला यांच्या हाती देऊन जाऊ नका.

आजचा सेंट किट्स आणि नेव्हिस हा देश १९ सप्टेंबर १९८३ रोजी स्वतंत्र झाला. क्षेत्रफळ २६१ चौरस किलोमीटर; दोन्ही अमेरिका खंडांत याहून लहान सार्वभौम देश नाही. त्याच्या स्वातंत्र्याची गोष्ट सहसा दोन ओळींत उरकतात : १९६७ मध्ये अंतर्गत स्वराज्य, १९८३ मध्ये पूर्ण स्वातंत्र्य. मला या प्रकरणात रस आहे तो मधल्या सोळा वर्षांमुळे. ती वर्षं लंडनशी भांडण्यात गेली नाहीत. लंडन कधीचं बोजा उतरवायच्या घाईत होतं. ती गेली बेटांनी आपसात भांडण्यात, आणि त्या भांडणाची मुळं राजकारणाआधी शेतात सापडतात.

उसाचं बेट आणि बाकीची दोन

सेंट किट्स १६८ चौरस किलोमीटरचं, नेव्हिस ९३ आणि अँग्विला ९१. पहिल्या दोघांमध्ये जेमतेम तीन किलोमीटरची सामुद्रधुनी आहे. अँग्विला मात्र सेंट किट्सपासून शंभर किलोमीटरहून जास्त उत्तरेला, आणि मधल्या समुद्रात डच आणि फ्रेंच बेटं. राजधानी बासेटेर सेंट किट्सवर. (आपल्या क्रिकेटवेड्यांना तिथलं वॉर्नर पार्क ठाऊक असेल, २००६ च्या दौऱ्यात भारत तिथे कसोटी खेळला होता.)

सेंट किट्सची जमीन ज्वालामुखीची, काळी आणि सुपीक. सतराव्या शतकात इंग्रज आणि फ्रेंच दोघंही इथे उतरले. मूळच्या कालिनागो लोकांची कत्तल त्यांनी मिळून केली, मग बेट वाटून घेतलं, मग एकमेकांशी लढले. १७१३ च्या उट्रेख्टच्या तहाने बेट इंग्रजांकडे आलं. तोवर समुद्रकिनाऱ्यापासून डोंगराच्या कमरेपर्यंत ऊस लागला होता आणि तो पिकवायला आफ्रिकेतून गुलाम आणले जात होते. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण मोकळ्या झालेल्या माणसाला कसायला जमीन कुठे होती? सगळी जमीन मळेवाल्यांची. किनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला वस्त्या आणि पाठीमागे ऊस; कालचा गुलाम आजचा मजूर झाला, एवढाच फरक. मजूर कमी पडतात म्हणून १८६१ मध्ये कलकत्त्याहून तीनशेहून अधिक भारतीयही करारावर आणले गेले. १९१२ मध्ये बासेटेरला मध्यवर्ती साखर कारखाना उभा राहिला आणि उसासाठी बेटाला वळसा घालणारी छोटी रेल्वे आली. थोडक्यात सांगायचं तर एक पीक, एक कारखाना आणि एकच मालकवर्ग.

नेव्हिसवरही एकेकाळी ऊस होता. पण जमीन खडकाळ, झीज मोठी, मळे तोट्यात गेले. विसाव्या शतकापर्यंत तिथे कापूस, भाजीपाला आणि लहान शेतकरी उरले. अँग्विलात तर पाऊसच नाही. चुनखडीचं सपाट, कोरडं बेट. मळेवाले कंटाळून निघून गेले आणि माणसं आपापल्या तुकड्यांची मालक झाली. त्यांनी मिठागरं चालवली, होड्या बांधल्या, मासे धरले आणि हंगामात डोमिनिकन रिपब्लिकच्या ऊसतोडीला गेली. अँग्विलाचा माणूस गरीब होता, पण कुणाच्या बांधावर उभा नव्हता. हा फरक पुढे फार महागात पडला.

या तिघांना एका दावणीला बांधलं ते ब्रिटिशांनी, कारभाराच्या सोयीसाठी. १८२५ पासून अँग्विलासाठी कायदे सेंट किट्सची सभा करू लागली. तिथे अँग्विलाचा एक प्रतिनिधी. १८७२ मध्ये अँग्विलाच्या लोकांनी लंडनला अर्ज केला की आमचा कारभार थेट तुम्ही पाहा, सेंट किट्सला आमचं काही पडलेलं नाही. अर्ज बाजूला पडला. दहा वर्षांनी नेव्हिसचीही मोट त्यातच बांधली गेली. म्हणजे १९६७ ची तक्रार पंचाण्णव वर्षं आधी कागदावर आली होती.

ब्रॅडशॉ

रॉबर्ट लुएलिन ब्रॅडशॉ यांच्याशिवाय हे प्रकरण सांगता येत नाही आणि त्यांना खलनायक करून सांगितलं तर ते कळत नाही. जन्म १९१६ चा, सेंट पॉल्स गावातला. शाळा संपवून साखर कारखान्याच्या यंत्रशाळेत लागले. १९३५ मध्ये बेटावर ऊसतोड मजुरांचा उठाव झाला. बकलीज मळ्यावर जमलेल्या गर्दीवर गोळीबार होऊन तीन मजूर मेले. त्या दशकात ब्रिटिश वेस्ट इंडिजमध्ये बेटामागून बेट पेटत गेलं, त्यातल्या पहिल्या ठिणग्यांपैकी ही एक. १९४० मध्ये पगारवाढीसाठी संप झाला, त्यात ब्रॅडशॉ यांची नोकरी गेली. मग ते पूर्णवेळ कामगार संघटनेचे झाले, १९४४ मध्ये तिचे अध्यक्ष, १९४६ मध्ये विधिमंडळात. १९४८ मध्ये संघटनेने तेरा आठवड्यांचा संप लढवला. १९५२ मध्ये प्रौढ मताधिकार आला आणि कालपर्यंत मळेवाल्याच्या घरामागच्या दाराशी उभा राहणारा माणूस मतपेटीशी उभा राहिला. सेंट किट्सच्या मजुरासाठी ब्रॅडशॉ म्हणजे 'पापा'. हा पापा पुढे जुन्या रोल्स रॉइसमधून फिरायचा, आणि त्याचं मजुराला वावडं नव्हतं. आपलाच माणूस साहेबाच्या गाडीत बसलाय, याचा अभिमानच होता.

संघटनेतून लेबर पक्ष निघाला आणि पक्षातून सरकार. मजूर, संघटना, पक्ष, सरकार ही साखळी सेंट किट्सवर इतकी घट्ट होती की सरकारवर टीका म्हणजे मजुराशी दगा असं समीकरणच बसलं. पण नेव्हिसच्या लहान शेतकऱ्याला किंवा अँग्विलाच्या होडीवाल्याला या साखळीत जागा कुठे होती? त्यांच्याकडे मळेवालाच नव्हता, मग मळेवाल्याला नमवणारा नेता त्यांना काय कामाचा? त्यांच्या नजरेत बासेटेरचं लेबर सरकार हे उसाच्या बेटाचं सरकार होतं, जुन्या कारभाराचीच पुढची आवृत्ती. मला वाटतं, ब्रॅडशॉ यांना हे शेवटपर्यंत उमगलं नाही. ज्याने आयुष्यभर वर्गाच्या भाषेत विचार केला, त्याला बेटाची भाषा म्हणजे मळेवाल्यांनी लावलेली फूस वाटणं साहजिक होतं.

मधला एक प्रयोग भुर्रकन सांगून टाकतो. १९५८ मध्ये ब्रिटनने दहा वसाहतींचा वेस्ट इंडिज महासंघ उभारला. ब्रॅडशॉ त्याचे अर्थमंत्री झाले. १९६१ मध्ये जमैकाने सार्वमत घेऊन अंग काढलं, त्रिनिदादचे एरिक विल्यम्स म्हणाले की दहातून एक गेला की उरतं शून्य, आणि मे १९६२ मध्ये महासंघ मोडीत निघाला. जमैका, त्रिनिदाद आणि नंतर बार्बाडोस स्वतंत्र झाले. उरलेल्या चिमुकल्या बेटांचं काय करायचं, यावर लंडनने 'संलग्न राज्य' नावाचा तोडगा काढला : घरचा कारभार तुमचा, संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार आमचा, आणि वाटेल तेव्हा तुम्ही पूर्ण मोकळे. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सेंट किट्स-नेव्हिस-अँग्विला असं राज्य झालं आणि ब्रॅडशॉ त्याचे प्रीमियर, म्हणजे सरकारप्रमुख.

आदल्या वर्षीच्या निवडणुकीचा निकाल इथे पाहायला हवा. दहा जागा : सेंट किट्सच्या सात, नेव्हिसच्या दोन, अँग्विलाची एक. लेबरने सेंट किट्सच्या सातही जिंकल्या आणि बाहेरच्या तिन्ही हरल्या. लोकशाहीच्या हिशेबाने हे दणदणीत बहुमत. बेटांच्या हिशेबाने मात्र, दोन बेटांवर ज्याचा एकही आमदार नाही असं सरकार त्या दोन बेटांवर राज्य करणार होतं, आणि आता वर दाद मागायला लंडनही नव्हतं. स्थानिक परिषदा देऊ असं ठरलं होतं, पण राज्य आलं तरी परिषद आली नाही.

३० मे

अँग्विलावर तेव्हा सार्वजनिक वीज नव्हती, टेलिफोन नव्हता, धड डांबरी रस्ता नव्हता. फेब्रुवारीत सरकारने राज्यस्थापनेच्या आनंदाप्रीत्यर्थ तिथल्या माध्यमिक शाळेत 'राज्यसुंदरी' स्पर्धा ठेवली. नळाला पाणी नाही आणि सुंदरी निवडायला निघालेत, म्हणून लोक चिडून जमले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. मार्चमध्ये सरकारी प्रतिनिधीचं घर जळालं. २९ मे रोजी द व्हॅली या मुख्य गावातल्या मैदानावर सभा भरली आणि हात वर करून ठराव झाला की सेंट किट्सच्या पोलिसांनी बेट सोडावं. दुसऱ्या दिवशी डझनभराहून थोड्या अधिक पोलिसांना विमानात बसवून परत पाठवण्यात आलं. माणूस एकही मेला नाही. मग धावपट्टीवर पिंपं आणि गाड्या आडव्या लावल्या, म्हणजे बासेटेरहून कुमक उतरू नये. अँग्विलाचा राष्ट्रीय सण आजही ३० मे हाच आहे.

या सगळ्याच्या पुढे होते रोनाल्ड वेब्स्टर. शेजारच्या सेंट मार्टिनवर लहानपणापासून एका डच कुटुंबाकडे राबले आणि त्यांच्या पश्चात त्यांची मालमत्ता वारशाने मिळालेला माणूस. धार्मिक, मितभाषी, हट्टी. बेटाचे बासेटेरमधले आमदार पीटर अ‍ॅडम्स हे त्यांच्या मानाने मवाळ. बंडखोरांना भीती होती की ब्रॅडशॉ चाल करून येणार. म्हणून १० जूनला मूठभर अँग्विलावासी आणि काही भाडोत्री अमेरिकन होडीतून सेंट किट्सलाच गेले आणि पोलीस ठाणं, वीजघर यांवर त्यांनी रात्री हल्ला चढवला. तो साफ फसला. लष्करीदृष्ट्या तो पोरखेळ होता, पण राजकीय परिणाम मोठा झाला. ब्रॅडशॉ यांनी आणीबाणी लावून विरोधी पीपल्स अ‍ॅक्शन मूव्हमेंट या पक्षाच्या पुढाऱ्यांना, त्यांचे नेते विल्यम हर्बर्ट यांच्यासह, आत टाकलं. खटले चालले आणि आरोपी सुटले. न्यायालयाने सरकारचं ऐकलं नाही, ही त्या वसाहतीत रुजलेली एक चांगली गोष्ट. पण सेंट किट्सवरचा विरोधी पक्ष आणि अँग्विलाचं बंड या दोन्ही गोष्टी ब्रॅडशॉ यांच्या लेखी तिथून एकच झाल्या.

बासेटेरने बेटाचं टपाल अडवलं, पोस्टातल्या ठेवी गोठवल्या. अँग्विलाने जुन्या तिकिटांवर 'स्वतंत्र अँग्विला' असा छाप मारून ती विकायला काढली. जगभरचे तिकीटसंग्राहक तुटून पडले. लहान राष्ट्रंच सुखी असतात असं मांडणारे ऑस्ट्रियन विचारवंत लिओपोल्ड कोर आणि सॅन फ्रान्सिस्कोतली काही हौशी मंडळी मदतीला धावली. त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात दिली की आम्हाला हॉटेलवाल्यांच्या दावणीला जायचं नाही, देणगी पाठवा. जुन्या परदेशी नाण्यांवर शिक्का मारून 'लिबर्टी डॉलर'ही काढला. जुलैअखेर बार्बाडोसला तडजोडीची बैठक झाली, अ‍ॅडम्स यांनी करारावर सही केली आणि बेटावर परतेपर्यंत त्यांचं पुढारीपण गेलं होतं. सूत्रं वेब्स्टर यांच्याकडे आली. १९६८ चं वर्ष टोनी ली नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली कसंबसं निभलं. मुदत संपली तेव्हा तोडगा निघालेला नव्हता. फेब्रुवारी १९६९ मध्ये दुसरं सार्वमत झालं. या वेळी प्रश्न प्रजासत्ताक होण्याचा होता. १,७३९ विरुद्ध ४.

आणि मग ते प्रसिद्ध प्रहसन. ११ मार्चला लंडनहून विल्यम व्हिटलॉक हे कनिष्ठ मंत्री प्रस्ताव घेऊन आले. त्यांचा तोरा लोकांना खुपला, शस्त्रधारी माणसं जमली आणि मंत्रिमहोदयांना काही तासांत विमान गाठावं लागलं. लंडनमध्ये समजूत अशी पसरली की बेट गुंडांच्या आणि माफियाच्या ताब्यात गेलंय. १९ मार्चच्या पहाटे दोन युद्धनौकांवरून तीनशेहून अधिक पॅराट्रूपर किनाऱ्यावर उतरले, सोबत लंडनच्या पोलिसांची तुकडी. अंधारात किनाऱ्यावर लखलखाट दिसला तो बंदुकांचा नव्हता, वाट बघत बसलेल्या छायाचित्रकारांच्या फ्लॅशचा होता. एकही गोळी कुणाला लागली नाही. हेलिकॉप्टरमधून समजुतीची पत्रकं टाकण्यात आली. बेटावरच्या शेळ्या आणि पोरं लंडनच्या 'बॉबी'कडे, म्हणजे पोलिसाकडे, टकामका बघत राहिली. क्युबातल्या फसलेल्या 'बे ऑफ पिग्ज' स्वारीवरून वृत्तपत्रांनी याला 'बे ऑफ पिग्लेट्स' असं नाव ठेवलं.

हसून झालं की या प्रहसनाचा निकाल पाहावा. सैन्य आलं होतं कायदेशीर सरकारची सत्ता परत बसवायला. प्रत्यक्षात ली पुन्हा आयुक्त म्हणून बसले आणि बेटाचा कारभार लंडनच्या हाती गेला. लष्कराच्या अभियंत्यांनी रस्ते केले, शाळा बांधल्या. दीडशे वर्षांत बासेटेरकडून जे मिळालं नाही ते आक्रमकांनी दोन वर्षांत दिलं. अँग्विलाला आणखी काय हवं होतं? दगडापेक्षा वीट मऊ, हा त्यांचा हिशेब पहिल्यापासून होता. त्रिनिदादचे ह्यू वुडिंग यांच्या आयोगाने १९७० मध्ये अहवाल दिला की बेट वेगळं करू नये. तो कुणी ऐकला नाही. १९७१ मध्ये ब्रिटिश संसदेने अँग्विलासाठी कायदा केला, १९७६ मध्ये वेगळी राज्यघटना आली, वेब्स्टर मुख्यमंत्री झाले आणि १९ डिसेंबर १९८० रोजी अँग्विला कायद्यानेही सुटलं. ते आजही ब्रिटनचा सागरपार प्रदेश आहे. इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या शेवटी लागणारं 'डॉट एआय' हे नामाभिधान त्याच्या वाट्याला आलं, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत २०२३ साली बेटाच्या महसुलाचा सुमारे पाचवा हिस्सा अशा पत्त्यांच्या नोंदणीतून आला. नशीब काढावं तर असं.

वसाहतवादाच्या इतिहासात अँग्विलाला कुठे बसवायचं, हा प्रश्न अभ्यासकांना छळतो. बंड होतं, लोकांचा पाठिंबा जवळजवळ शंभर टक्के होता, पण मागणी वसाहत राहण्याची. मला त्यात विसंगती दिसत नाही. त्यांना सात हजार किलोमीटरवरचा, लक्ष न देणारा मालक चालत होता. शंभर किलोमीटरवरचा, लक्ष ठेवणारा नको होता.

'क्रिस्टीना'

नेव्हिस इतक्या सहजी सुटण्यासारखं नव्हतं. ते दारातच होतं. नेव्हिसच्या बाया भाजी, फळं, कोंबड्या घेऊन बासेटेरच्या बाजारात यायच्या आणि संध्याकाळी परत जायच्या. ने-आण करायला 'क्रिस्टीना' ही सरकारी फेरीबोट होती. १ ऑगस्ट १९७० हा शनिवार. गुलामगिरी-मुक्तीच्या स्मरणार्थ ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी तिथे सुट्टी असते, त्या सुट्टीच्या तोंडावरची दुपार. बोटीला परवाना १५५ माणसांचा, आत तीनशेवर चढली होती. दोन बेटांमधल्या अरुंद पाण्यात, दोन्ही किनारे दिसत असताना ती कलंडली आणि बुडाली. २३३ माणसं गेली. नेव्हिसची वस्ती तेव्हा अकरा हजारांच्या आसपास होती आणि मेलेल्यांत बहुतेक नेव्हिसचे. ज्याच्या घरातलं किंवा गोत्यातलं कुणी गेलं नाही असा माणूस त्या बेटावर सापडणं अवघड होतं. ओळख न पटलेली प्रेतं सामुदायिक खड्ड्यांत पुरावी लागली.

बोट सरकारी होती, गर्दी नेहमीची होती, आणि पर्याय सरकारने दिलेला नव्हता. अँग्विलाच्या लोकांनी विजेची आणि फोनची तक्रार केली होती. नेव्हिसकडे आता याद्या होत्या, माणसांच्या. त्याच वर्षी सिमियन डॅनियल या वकिलाने नेव्हिस रिफॉर्मेशन पार्टी स्थापन केली. पक्षाचं म्हणणं एका शब्दाचं होतं : वेगळं व्हायचं. १९७५ च्या निवडणुकीत नेव्हिसच्या दोन्ही जागा त्यांना मिळाल्या. त्याच निवडणुकीत लेबरने पूर्ण स्वातंत्र्यासाठी कौल मागितला होता आणि सेंट किट्सवर पुन्हा सातपैकी सात जागा घेतल्या. म्हणजे आता दोन बेटं, दोन पक्ष, दोन कौल, आणि एकमेकांना छेद देणारे. १९७७ मध्ये नेव्हिसने आपलं अनधिकृत सार्वमत घेतलं. फुटण्याच्या बाजूने चार हजारांवर मतं, विरुद्ध १४.

इथे लंडनची अडचण लक्षात घ्यावी. अँग्विलावर एकदा तोंडघशी पडल्यावर आणखी एका बेटाला त्याच्या मनाविरुद्ध स्वतंत्र करून मोकळं व्हायची हिंमत ब्रिटिश परराष्ट्र खात्यात उरली नव्हती. ब्रॅडशॉ यांचं सरकार स्वातंत्र्य मागत होतं, ते द्यायला ब्रिटनची ना नव्हती, पण नेव्हिसशी आधी मिटवा असा सूर होता. आणि ब्रॅडशॉ मिटवणाऱ्यांतले नव्हते. याच काळात त्यांनी आयुष्याचं स्वप्न पुरं केलं होतं : १९७५ मध्ये उसाच्या जमिनी सरकारजमा केल्या आणि पुढच्या वर्षी कारखानाही. मळेवाला संपला. २३ मे १९७८ रोजी ब्रॅडशॉ गेले, स्वातंत्र्य न बघता. त्यांचे जुने सहकारी पॉल साउथवेल प्रीमियर झाले आणि वर्षाच्या आत, मे १९७९ मध्ये, तेही गेले. मग ली मूर.

दोन आमदार आणि एक राज्यघटना

ब्रॅडशॉ यांच्या रिकाम्या जागेवर जानेवारी १९७९ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि पीपल्स अ‍ॅक्शन मूव्हमेंटचे डॉ. केनेडी सिमंड्स निवडून आले. पापाच्या मतदारसंघात विरोधक! फेब्रुवारी १९८० च्या सार्वत्रिक निवडणुकीत लेबरला अर्ध्याहून जास्त मतं पडली, पण जागा नऊपैकी चार. सिमंड्स यांच्या पक्षाला तीन आणि डॅनियल यांच्या पक्षाला नेव्हिसच्या दोन. तीन अधिक दोन पाच. सिमंड्स प्रीमियर झाले, डॅनियल अर्थमंत्री, आणि पिढीभराची लेबर सत्ता संपली.

हा या प्रकरणाचा खरा सांधा. ज्या पक्षाचा जन्मच फुटण्यासाठी झाला होता, त्याच्या दोन आमदारांवर आता देशाचं सरकार उभं होतं. बाहेर पडावं तर लेबर परत येणार. आत राहावं तर आपल्या मतदाराला काय सांगणार? डॅनियल यांनी घासाघीस केली आणि नेव्हिसने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची किंमत वसूल केली. सौदा असा : एकत्र स्वतंत्र होऊ, पण नेव्हिसला स्वतःची विधानसभा, स्वतःचा प्रीमियर आणि स्वतःचा कारभार, शिवाय घटनेतच बाहेर पडायचं दार. तेच कलम ११३. नेव्हिस विधानसभेच्या निवडून आलेल्या सदस्यांपैकी दोन तृतीयांशांनी ठराव केला आणि नंतर सार्वमतात दोन तृतीयांश मतं पडली, की नेव्हिस मोकळं. राष्ट्र जन्माला घालतानाच काडीमोडाची रीत लिहून ठेवणाऱ्या राज्यघटना जगात फार नाहीत.

लेबरने याला कडाडून विरोध केला, आणि त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. सेंट किट्सला स्वतंत्र विधानसभा दिलीच नाही. देशाचं सरकार तेच सेंट किट्सचंही सरकार. म्हणजे नेव्हिसहून आलेला आमदार सेंट किट्सच्या शाळा-रस्त्यांवर मत देणार, पण सेंट किट्सच्या आमदाराला नेव्हिसच्या रस्त्यावर तोंड उघडता येणार नाही. सेंट किट्सच्या बहुसंख्य मतदारांनी ज्यांना नाकारलं होतं त्यांनीच त्यांना स्वतंत्र केलं. आधी निवडणूक घ्या मग स्वातंत्र्य, ही लेबरची मागणी मान्य झाली नाही. माझ्या मते सिमंड्स यांनी इथे घाई केली. पण थांबले असते तर दोन आमदारांची ती जुळणी पुन्हा जमली असती का, याची खात्री त्यांनाही नसणार.

१९ सप्टेंबर १९८३ ला राणीच्या वतीने राजकन्या मार्गारेट आल्या, बासेटेरमध्ये युनियन जॅक उतरला आणि हिरवा-काळा-तांबडा झेंडा चढला. वस्ती सुमारे ४५ हजार. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत सिमंड्स-डॅनियल आघाडीला मोठं बहुमत मिळालं आणि लेबर दोन जागांवर आलं, त्यामुळे वैधतेचा प्रश्न तेवढ्यापुरता मिटला.

नेव्हिसचा मात्र मिटला नव्हता. १९९७ मध्ये व्हान्स अमोरी यांच्या सरकारने कलम ११३ बाहेर काढलं. नेव्हिस विधानसभेने एकमताने फुटण्याचा ठराव केला आणि १० ऑगस्ट १९९८ रोजी सार्वमत झालं. बाजूने २,४२७, विरुद्ध १,४९८. म्हणजे ६१.८ टक्के, लागणारे ६६.७. जेमतेम १९० मतं इकडची तिकडे झाली असती तर जगातल्या सर्वांत लहान देशांपैकी एक दुभंगला असता. १९७७ मध्ये विरोधात १४ जण होते, एकवीस वर्षांनी दीड हजार झाले. मधल्या काळात स्वतःची विधानसभा, स्वतःचा अर्थसंकल्प आणि परदेशी कंपन्यांच्या नोंदणीतून येणारा पैसा हाती आल्यावर काही लोकांना तरी वाटू लागलं होतं की आहे हेच बरं. फुटायची सोय ठेवल्यामुळे फुटायची निकड कमी झाली असं काहींचं म्हणणं आहे. मला ते पटतं, पण सिद्ध करता येणार नाही, कारण सोय ठेवली नसती तर काय झालं असतं हे बघायला दुसरं नेव्हिस नाही.

लेबर पक्ष १९९५ मध्ये डेन्झिल डग्लस यांच्या नेतृत्वाखाली सत्तेत परतला. बासेटेरच्या विमानतळाला ब्रॅडशॉ यांचं नाव मिळालं आणि त्यांचा जन्मदिवस, १६ सप्टेंबर, राष्ट्रवीर दिन झाला. त्याच लेबर सरकारने २००५ मध्ये तोट्यात बुडालेला सरकारी साखर कारखाना बंद केला. ऊस वाहणाऱ्या छोट्या रेल्वेतून आता पर्यटक फिरतात. ज्या उसामुळे सेंट किट्स एका बाजूला आणि बाकीची दोन बेटं दुसऱ्या बाजूला पडली तो ऊस गेला; नेव्हिसची विधानसभा, प्रीमियर आणि कलम ११३ मात्र आहे तिथेच आहेत.